कापसाच्या ढिगात घोणस

वाचकांचे प्रश्न

कापसाचा हंगाम सुरू झाला की खानदेशातून येणाऱ्या पत्रांमध्ये साप आणि विंचू यांचा विषय हमखास असतो. शेतातल्या सर्पदंशाविषयी या सदरात पूर्वी लिहून झाले आहे. या वेळी कारखाना, गोदाम, मिरची वाळवण्याची पथारी आणि केळीची बाग अशा कामाच्या ठिकाणांहून आलेली चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेली गोष्ट बाकीच्या तिन्ही पत्रांच्याही मुळाशी आहे.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात अकरा वर्षांपासून सुपरवायझर आहे. मागच्या आठवड्यात सकाळी साडेनऊच्या सुमारास आवारात उतरवलेल्या कापसाच्या ढिगातून कवळ (दोन्ही हातांत मावेल एवढा कापूस) भरताना एका मजूर बाईंना कुकरच्या वाफेसारखा मोठा फुत्कार ऐकू आला आणि त्या ओरडून मागे सरकल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण हमालाने ‘अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही’ असे म्हणत सापाची शेपटी धरून त्याला ढिगाबाहेर ओढायला सुरुवात केली. मी धावत जाऊन ओरडलो तेव्हा त्याने शेपटी सोडली. नंतर तिघांनी मिळून फावड्याने तो साप मारला आणि त्याच हमालाने मेलेला साप हातात धरून फोटो काढून घेतले. ते फोटो संध्याकाळी एका सर्पमित्राला दाखवले, तेव्हा ती पूर्ण वाढलेली घोणस असल्याचे कळले. मालकांनी अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू करायला लावले. ‘दरवर्षी एखादा निघतोच,’ एवढेच ते म्हणाले. कोणालाही इजा झाली नाही, पण मला तेव्हापासून नीट झोप लागत नाही. आमचे काय चुकले आणि पुढच्या वेळी आम्ही काय करावे?
– एक सुपरवायझर, चोपडा तालुका

उत्तर : आपल्याला झोप लागत नाही हे वाचून मला काळजीपेक्षा दिलासा अधिक वाटला, कारण त्या सकाळी काय घडता घडता राहिले, हे त्या आवारातल्या निदान एका माणसाला पुरते कळले आहे.

आपल्या हमालाची चूक नवी नाही. तालुक्याच्या रुग्णालयात मी काम करीत होतो तेव्हा घोणस चावून आलेल्या रुग्णांपैकी काहींनी तिला अजगराचे पिल्लूच समजले होते. जाड अंग, आखूड शेपटी आणि अंगावरचे तपकिरी ठिपके यांमुळे हा घोटाळा होतो. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या डोक्यापासून शेपटीकडे जातात, तर अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे असतात आणि एकाचा आकार दुसऱ्यासारखा नसतो. डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप तर दिसायला घोणशीच्या आणखी जवळचा असतो, त्यामुळे ‘हा डुरक्या आहे’ असे म्हणत घोणशीला हात घालणारेही भेटतात. हा फरक मी येथे सांगितला तो ओळख पटवून साप उचलावा म्हणून नव्हे, तर ढिगात अर्धे अंग दडलेला साप ओळखणे किती अवघड असते, हे ध्यानात यावे म्हणून. कामाच्या जागी साप ओळखणे हे मजुराचे काम नाही. तेथे निघालेला प्रत्येक साप विषारी आहे असे धरून चालावे आणि त्याचे नाव ठरवण्याचे काम जाणकारावर सोडावे.

दरवर्षी एखादा निघतोच, हे मालकांचे म्हणणे मात्र खरे आहे, आणि नेमके म्हणूनच ते मला खटकते. दरवर्षी घडणाऱ्या गोष्टीला अचानक म्हणता येत नाही. वेचणी झालेला कापूस शेतकऱ्याच्या घरात किंवा खळ्यावर आठवडेच्या आठवडे पडून राहतो. सरकीच्या ओढीने त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. बाहेर थंडी पडली की उबदार, मऊ आणि अंधाऱ्या ढिगात त्याचा मुक्काम लांबतो. मग तोच कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला जातो आणि सापासह आपल्या आवारात येऊन पडतो. एरवी रात्री फिरणारी घोणस थंडीच्या दिवसांत ऊन खायला दिवसाही बाहेर येते, त्यामुळे सकाळची पहिली पाळी अधिक जोखमीची असते. कारखान्याच्या आवारात सांडलेली सरकी, कुंपणाच्या कडेला रचलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) आणि वर्षानुवर्षे न हललेले बारदान असेल, तर साप बाहेरून येण्याचीही गरज उरत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. शेपटी धरणे ही चूक झालीच, पण ती त्या दिवसातली दुसरी चूक होती. साप दिसल्यावर काय करायचे आणि ते कोणी ठरवायचे, याचा निर्णय आपल्या कारखान्यात आधी झालेलाच नव्हता, ही पहिली चूक. ज्या जागी असा निर्णय झालेला नसतो, तेथे सर्वांत धीट किंवा सर्वांत घाईत असलेला माणूस तो सर्वांच्या वतीने घेऊन टाकतो. हमालाला घाई का होती, याचाही विचार करा. आपल्याकडे ही कामे बहुधा उक्ती दिलेली असतात. जितका माल हलेल तितकी मजुरी मिळते, आणि काम थांबले की हमालाच्या आणि कवळ भरणाऱ्या बाईच्या रोजातले पैसे जातात. त्या बाई ओरडल्या हे त्यांनी फार चांगले केले. अशा वेळी पुष्कळ बाया ओरडतही नाहीत. काम अडवल्याचा ठपका आपल्यावर येईल, या भीतीने त्या गुपचूप दुसऱ्या बाजूने कवळ भरू लागतात, हे मी रुग्णांच्या तोंडून ऐकलेले आहे.

म्हणून माझी पहिली सूचना हातमोज्यांची किंवा काठीची नाही. साप पाहणाऱ्या पहिल्या माणसाला, मग तो कोणीही असो, काम थांबवण्याचा अधिकार असावा आणि त्यामुळे थांबलेल्या वेळेची मजुरी कापली जाणार नाही, हे मालकांनी सर्वांसमोर सांगावे. एवढे सांगितले गेले तर बाकीच्या सूचना पाळल्या जातील. ते सांगितले गेले नाही, तर भिंतीवर कितीही फलक लावले तरी पुढचा हमाल पुन्हा शेपटीच धरील.

साप दिसताच सर्वांनी सावकाश मागे सरकावे आणि निदान दहा फुटांचे अंतर ठेवावे. घोणस सुस्त पडलेली दिसते, पण तिचा झेप घेण्याचा वेग डोळ्याला टिपता येत नाही. ढिगाजवळची यंत्रे आणि कापूस ओढणारा पंखा बंद करावा. सापाला बाहेरचा कान नसतो, तो जमिनीचा हादरा ओळखतो, त्यामुळे पाय आपटत गोळा होणारी गर्दी त्याला अधिक बिथरवते. एकाच शांत माणसाने दुरून सापावर नजर ठेवावी, कारण नजरेआड झालेला साप हा दिसणाऱ्या सापापेक्षा जास्त धोक्याचा असतो. दुसऱ्याने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या जवळच्या सर्पमित्राला फोन करावा. हा क्रमांक आणि सर्पमित्राचा क्रमांक आपल्या वजनकाट्याच्या खोलीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. ऐन वेळी शोधाशोध सुरू झाली की ‘कशाला बोलवायचं कोणाला’ म्हणून फावडे उचलले जाते.

फावड्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. भारतातल्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, हे एक कारण. पण आपल्या माणसांच्या दृष्टीने दुसरे कारण मोठे आहे. सापाला मारायला जाणारा माणूस स्वतःहून सापाच्या टप्प्यात जातो. तीन माणसे तीन बाजूंनी फावडी घेऊन भिडली की एकाचा नेम चुकतो, साप उसळतो आणि ज्याचे लक्ष दुसरीकडे असते त्याच्या पोटरीला लागतो. शिवाय मारल्यानंतरही धोका टळलेला नसतो. धडापासून वेगळे झालेले सापाचे डोके काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकते आणि त्या चाव्यात विष उतरू शकते. म्हणून मेलेली घोणस हातात धरून काढलेला तो फोटो मला शेपटी धरण्याइतकाच गंभीर वाटतो. त्या मुलाला रागावू नका. त्याला शेजारी बसवून हे समजावून सांगा. असा धीट मुलगाच उद्या आपल्या कारखान्यात इतरांना मागे सारणारा माणूस होऊ शकतो.

साप नेला गेला तरी त्या ढिगावरचे काम लगेच सुरू करू नये. ढिगात एकच साप होता, असे कोणालाही सांगता येत नाही. लांब दांड्याच्या दाताळ्याने ढीग कडेकडेने, थराथराने उलगडावा आणि आत काही नाही याची खात्री झाल्यावरच बायांना कवळ भरू द्यावी. खरे तर ट्रॉली रिकामी झाल्यावर प्रत्येक ढिगाच्या बाबतीत हीच पद्धत ठेवावी. त्याला फार तर दहा-पंधरा मिनिटे लागतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट जरूर द्यावेत. भारतातल्या विषारी सापांत घोणशीचे दात चांगलेच लांब असतात आणि पातळ रबरी मोजे त्यांना अडवत नाहीत, म्हणून मोज्यांच्या भरवशावर कोणी ढिगात हात घालू नये.

आणि एवढे करूनही दंश झालाच तर? याची तयारी हंगामाच्या पहिल्या दिवशी झाली पाहिजे. आपल्या कारखान्यापासून प्रतिसर्पविष लस असलेले आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची सरकारी रुग्णालयात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. ही लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे डॉक्टरांना दाखवण्यासाठी साप मारून किंवा पकडून नेण्याची मुळीच आवश्यकता नाही. दुरून फोटो निघाला तर उत्तम, न निघाल्यास काही अडत नाही, कारण उपचार लक्षणांवरून ठरतात. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते तपासण्यासाठी डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनंतरही ते पातळ राहिले तर लस सुरू केली जाते. रक्त गोठले तरी ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते, म्हणून ‘काही झालं नाही, घरी जाऊ द्या’ असा आग्रह निदान पहिले चोवीस तास कोणी धरू नये. घोणशीच्या दंशात उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होतात. पुढे डायलिसिससाठी जळगाव किंवा धुळ्याच्या फेऱ्या मारणाऱ्या तरुण मजुरांचे हाल मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे पहिले काही तास भगताकडे किंवा पाल्याचा रस पिण्यात गेलेले होते.

दंश झालेल्या माणसाला चालवू नये. अंगठी, कडे, घड्याळ, बांगड्या, पैंजण ताबडतोब उतरवावेत, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत. हाडमोडीत बांधतो तशी पट्टी लावून हात किंवा पाय स्थिर ठेवावा. करकचून दोरी मात्र बांधू नये. दोरीने रक्तपुरवठा तुटतो, घोणशीच्या दंशात सूज आणि सडणे वाढते, आणि रुग्णालयात ती एकदम सोडली की अडलेले विष एकाच वेळी अंगात पसरते. जखमेवर काप घेणे, तोंडाने चोखणे, बर्फ लावणे, मिरची किंवा कडुलिंबाचा पाला खायला देऊन चव विचारणे, हे सगळे वेळ घालवणारे प्रकार आहेत. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर मालकांची गाडी काढावी, आणि निघतानाच रुग्णालयाला कळवावे. मालकांची गाडी कोणी चालवायची, हेही हंगामाच्या पहिल्याच दिवशी ठरवा. एका ठिकाणी किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात पाऊण तास गेल्याचे मला ठाऊक आहे.

प्रश्न : आमचे किराणा मालाचे गोदाम आहे. पावसाळ्यात दोनदा साप निघाला. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून आम्ही दारात फिनेल आणि गंधकाची भुकटी टाकतो. याने साप येत नाही, हे खरे आहे का?
– एक व्यापारी, अमळनेर

उत्तर : नाही. या पदार्थांनी साप अडतो असे मानून निर्धास्त राहणे हेच नुकसानीचे आहे, आणि धान्याच्या गोदामात अशी रसायने टाकणे वेगळ्या कारणानेही योग्य नाही. उंदीर येऊ देऊ नका. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून रचा, म्हणजे मागची बाजू बॅटरीने पाहता येईल. गोदामात निघणारा लांब, पिवळसर तपकिरी, चपळ साप पुष्कळदा धामण असते. ती बिनविषारी असून उंदीर खाते. तरीही वर लिहिल्याप्रमाणे तिला ओळखून हात लावण्याचा मोह नसावा. रात्री गोदामात जमिनीवर झोपणारा आपला रखवालदार असेल, तर त्याला आजच खाट आणि मच्छरदाणी द्या. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही आणि त्याची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि जाग येईपर्यंत श्वासाचे स्नायू थकू लागलेले असतात. गादीच्या कडांखाली दाबून खोचलेली मच्छरदाणी हा या सापापासूनचा फार चांगला बचाव आहे.

प्रश्न : मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जाते. आमच्यातल्या एका बाईला पोते उचलताना विंचू चावला. मुकादमाने चुना लावून दिला आणि काम चालू ठेवायला सांगितले. दुपारी तिला खूप घाम आला, हातपाय गार पडले आणि उलट्या झाल्या, तेव्हा दवाखान्यात नेले. ती वाचली. आमची लेकरेही तिथेच खेळतात. विंचू एवढा घातक असतो का?
– एक मजूर महिला, नंदुरबार

उत्तर : ताई, लाल विंचू असतो. काळा, मोठ्या जाड नांग्यांचा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचे विष त्या मानाने सौम्य असते. लालसर, छोटा, पुढच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड असलेला विंचू मात्र जीव घेऊ शकतो, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. दंशाच्या जागी नुसतीच कळ असेल तर घाबरण्याचे कारण नसते. पण आपल्या मैत्रिणीला झाले तसा दरदरून घाम, गार हातपाय आणि उलट्या ही विष हृदयापर्यंत पोहोचल्याची लक्षणे आहेत. पुढे धाप लागते आणि फुप्फुसांत पाणी भरते. अशा वेळी चुना, मंत्र किंवा विसावा यांचा काही उपयोग नाही. तडक सरकारी दवाखाना गाठायचा.

आपल्या महाराष्ट्राला या उपचाराचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाने मरणाऱ्या मुलांवर उपचार करता करता प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध या दंशावर कसे काम करते, हे दाखवून दिले. पूर्वी ज्या दंशात पुष्कळ रुग्ण दगावत, त्यांतले मृत्यू या औषधामुळे फार कमी झाले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. हे औषध गोळीच्या रूपात मिळते आणि गावच्या दवाखान्यातही ठेवता येते, म्हणून कोणी ‘इथे इलाज नाही’ म्हटले तर ‘प्राझोसिन आहे का’ एवढे नक्की विचारा.

मुलांविषयी आपण लिहिलेत, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तान्ह्या मुलाला पथारीच्या कडेला पोत्यावर झोपवू नका. दोन खांबांना किंवा झाडाला झोळी बांधून त्यात झोपवा. चालती मुले अनवाणी नसावीत. पोते उचलण्यापूर्वी ते काठीने किंवा बूट घातलेल्या पायाने एकदा हलवायचे आणि खाली हात घालून उचलायचे नाही, ही सवय सर्व बायांनी मिळून लावून घ्या, म्हणजे एकटीला घाबरट म्हणून कोणी हिणवणार नाही. विंचवाचे अंग जांभळ्या, अतिनील प्रकाशाच्या बॅटरीखाली हिरवट चमकते. अशी बॅटरी बाजारात मिळते आणि ती फार महाग नसते. संध्याकाळी अंधार पडल्यावर रचलेल्या पोत्यांवरून ती एकदा फिरवली तर किती विंचू आहेत ते दिसते. ती मुकादमाने किंवा व्यापाऱ्याने आणावी. आपल्या मजुरीतून आणू नका.

प्रश्न : माझे पती रावेर तालुक्यात रोजंदारीवर केळीचे घड कापायला जात. दोन महिन्यांपूर्वी बागेत त्यांना साप चावला. आता ते बरे आहेत, पण उजव्या हाताची दोन बोटे गेली आहेत. बागमालक म्हणतात, साप हा दैवाचा भाग आहे, त्यात आमचा दोष नाही. आम्हाला काही मदत मिळू शकते का? आमच्या नावावर जमीन नाही.
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : बागेत साप निघाला यात बागमालकांचा दोष नाही, हे खरे. पण प्रश्न दोषाचा नाही. काम करीत असताना आणि त्या कामामुळे मजुराला इजा झाली तर काम देणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून मान्य झालेले आहे. वाळलेल्या पानांनी झाकलेल्या, ओल धरून असलेल्या केळीच्या बागेत साप असतो हे त्या कामाचेच एक अंग आहे. घड कापणारा माणूस तेथे फिरायला गेलेला नव्हता. प्रत्येक प्रकरणाचा निकाल त्याच्या तपशिलावर लागतो, म्हणून तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तेथे वकील मोफत मिळतो.

सरकारी योजनांविषयी मात्र मला आपल्याला चुकीची आशा लावायची नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश येतात आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ती योजना वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि जो सर्वाधिक वेळ दुसऱ्याच्या बागेत वाकून काम करतो, तो भूमिहीन मजूर तीत बसत नाही. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी येथे मुद्दाम नोंदवतो. आपल्या पतींचे बँकेत खाते असेल, तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा वीस रुपयांचा हप्ता कापला गेला आहे का, हे पासबुकात पाहा. ती योजना मजुरांनाही लागू आहे. तिच्यात अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. अपंगत्वाच्या अटी मात्र कडक असून दोन बोटांच्या नुकसानीला त्यात रक्कम मिळणे कठीण आहे. तरीही हप्ता सुरू नसेल तर घरातील प्रत्येक कमावत्या माणसाचा सुरू करा.

या सर्वांसाठी कागद लागतो, आणि बहुतेक मजुरांचे प्रकरण तेथेच अडते. रुग्णालयातील केसपेपरवर सर्पदंश हा शब्द, दंशाची वेळ आणि दंश कोणत्या बागेत, कोणते काम करताना झाला, हे लिहिलेले असले पाहिजे. भरती करताना धावपळीत नातेवाईक नुसते ‘काहीतरी चावलं’ असे सांगतात आणि तेच कायमचे नोंदले जाते. आपल्या पतींच्या कागदांवर काय लिहिले आहे, ते आधी वाचून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाची व केसपेपरची प्रत रुग्णालयातून मागून घ्या. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. हा आकडा सरकारी रुग्णालयांच्या दप्तरात दिसतो त्याहून कितीतरी मोठा आहे, कारण बहुसंख्य मृत्यू खेड्यांत झाले आणि त्यांतले पुष्कळ रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत. २०२४ साली केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची कृती योजना जाहीर केली आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. म्हणून रुग्णालयात नोंद मागताना संकोच करू नका. त्या दिवशी बागेत सोबत असलेल्या दोन मजुरांची नावे आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने आत्ताच लिहून ठेवा. कापणीची टोळी एकदा दुसऱ्या गावी गेली की ती माणसे पुन्हा सापडत नाहीत.